फुकटच्या लाल कॉइलची किंमत

आदरणीय साडूभाऊ यांस,

सप्रेम नमस्कार. आपण दिलेली फुकटची इग्निशन कॉइल मला कितीला पडली ते आधी सांगतो: तीन इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलं (त्यातली दोन आपल्याच दुकानातली, रोखीने), बेकरीवाल्याची मर्जी आणि बायकोसमोरची उरलीसुरली अब्रू. बाकी इकडे सर्व क्षेम. आपला गुडघा कसा आहे? माझे तळतळाट लागले असतील, तर तिथेच लागले असतील.

"दुप्पट ताकदीची आहे, लावून तर बघा," म्हणत आपण ती लालभडक वस्तू माझ्या हातात कोंबलीत. मी ती बेकरीवाल्याच्या पावाच्या गाडीत, तडकलेल्या मूळ कॉइलच्या जागी लावली. काय ती ठिणगी! तो खूश, मी त्याच्याहून खूश. (माझ्या हातून गेलेली गाडी कधी ढकलावी लागत नाही, हेही मी त्याला तेव्हाच ऐकवलं. ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालून कमावलेलं नाव आहे, बारशात मिळालेलं नाही.) आठवड्यात कॉइलची वीज चालू-बंद करणारं मॉड्यूल जळलं. दुसरं लावलं, तेही गेलं. तिसरं तर भर चढावर, गाडीत पाव गरम असताना गेलं. आणि दर वेळी फोनवर आपला एकच मंत्र: "लॉट खराब असेल हो, दुसरं न्या." (फोन ठेवता ठेवता आपण हसलात. माझे कान इंजिनावर तयार झालेले आहेत.)

मी मॉड्यूल बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असताना आपली मेव्हणी डबा घेऊन गॅरेजात आली. म्हणाली, "एका घरातून तीन सुना पळाल्या, तर लोक सुनांना नावं ठेवतात की सासूकडे बघतात?" मी हसलो. मग गुपचूप मीटर काढून सासूला तपासलं.

अहो, मूळ कॉइलचा रोध तीन ओहम, आणि आपल्या लाल बाईंचा एकसुद्धा नाही! मूळची घोट घोट वीज प्यायची, ही घटाघटा पिते, आणि ती सगळी त्या बिचाऱ्या मॉड्यूलमधून जाते. ते तापणार नाही तर काय! हमालाच्या डोक्यावर चार पोती ठेवायची आणि तो बसला की म्हणायचं, हमालांचा लॉट खराब! असली कॉइल स्वतःहून करंट आवरणाऱ्या मॉड्यूललाच चालते. तसं खोक्यावर लिहिलेलं असणार. खोका तेवढा आपण ठेवून घेतलात.

बेकरीवाला म्हणतोय, "सोमवारी गाडी उभी दिसली, तर मी समोरच्या गॅरेजात." समोरचा आतापासूनच त्याला वाकून नमस्कार करतोय.

असो. राग नसावा. असलाच तर मॉड्यूलवर काढावा, त्यांना सवय झाली आहे.

आपला (अजून तरी) साडू

ता. क. तीन ओहमची साधी काळी कॉइल आणि एक मॉड्यूल सोमवारच्या आत पाठवा. पैसे घ्याच. फुकट मला परवडत नाही.

आणखी ता. क. कॉइली आणि मॉड्यूलं दोन-दोन पाठवा. आपण तेव्हा जोडी दिली होती. काल बेकरीवाल्याची समजूत काढायला मी माझ्या गाडीने गेलो होतो. येताना ती त्यानेच ढकलली.