सारख्या पातळीचं पाणी

परळ, मुंबई
रविवार, १९ जानेवारी १९५८

प्रिय नलू,

सप्रेम जयभीम. आईचा खोकला उतरला. बाबा पाळी संपवून संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेले होते, घसा बसवून आले.

तुझी चिठ्ठी काल शाळेच्या धोंडू शिपायाने दिली. "सोमवारी मोठ्या बाईंना माफीच्या दोन ओळी लिहून दे, नाहीतर नोकरी जाईल." काळजीनेच लिहिलंस, कळतं. पण माफी कशाची, ते लिहिलं नाहीस.

मंगळवारी आठवीला व्होल्टेज शिकवत होते. 'दोन टोकांतला फरक' असं फळ्यावर लिहिलं, मुलींना ओ की ठो कळेना. म्हणून शिक्षिकांच्या खोलीतली पितळी कळशी आणली, टेबलावर ठेवली, खाली बादली, मधे रबरी नळी. पाणी वाहू लागलं. बादली उचलून दोन्हींतलं पाणी एका पातळीला आणलं, तर थांबलं. म्हटलं, पाणी कितीही असू दे, फरक नसेल तर वाहणार नाही. विजेचंही तसंच.

मालन म्हणाली, "बाई, मग पुन्हा वाहायला लावायचं तर?"

"एक भांडं वर उचलायचं. उचलायला जोर लागतो. बॅटरी तोच जोर लावते."

मुली खूश झाल्या. मीही.

बुधवारी कळशी चिंचेने लखलखीत घासलेली होती, पण पालथी. कोपऱ्यात नवा माठ. मी पेला घेऊन गेले तर धोंडू मधे आला. "बाई, थांबा, मी देतो." आणि वरून ओतलं.

नलू, जूनपासून तो मला असंच पाणी देतोय. मला वाटायचं, नव्या बाईंचा मान. तुम्ही सगळ्या आपल्या हाताने घेता, हे सात महिने मला दिसलं नाही. बी.एस्सी. झाले, पण एवढं साधं निरीक्षण जमलं नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही विचारायला हवं होतं." काय विचारायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

दादरच्या मोर्चात तू माझ्या तांब्याला तोंड लावून प्यायली होतीस. "आपण सगळे एक," म्हणाली होतीस. ते मी खरं धरलं. बुधवारी तू त्या माठातलं पाणी प्यायलीस. माझ्याकडे पाठ करून. पाठ केलीस, म्हणजे तुला कळत होतं.

माफी लिहिणार नाही. उद्या आईची कळशी घेऊन येईन. मालनला बॅटरीचं अजून नीट समजलेलं नाही. नोकरी जायची तर तास संपल्यावर जाईल.

तहान लागली तर आठवीच्या वर्गात ये. पेला तुझ्या हाताने भरून घ्यायचा. मी ओतून देणार नाही.

कु. बकुळा भिवा गमरे, बी.एस्सी.