वटवाघळाचं वय

४ फेब्रुवारी

ती. आत्याच्या चरणी सा. न. वि. वि.,

तुझं पत्र किराण्याच्या गाडीतून पोचलं. इथे फोनला रेंज नाही हे तुला अजून खोटं वाटतं. मी मुद्दाम फोन उचलत नाही, असं तू बाबांना सांगितलंस म्हणे. खरंच नाही गं.

काम जोरात आहे. शेजारशेजारच्या दोन गुहांमधल्या वटवाघळांचे पंख वेगळे कसे झाले, हा माझ्या पीएचडीचा विषय. तुझ्या मते तो पोट भरणारा नाही. वटवाघूळ जाळीत पकडायचं, पंख मोजायचा, वय ठरवायचं, सोडून द्यायचं. पिल्लाच्या पंखाचा सांधा बोटाला मऊ लागतो, मोठ्याचा घट्ट. जाड हातमोज्यातून ते कळत नाही, म्हणून माझ्या सीनियरने मला हातमोजा काढून चाचपायला शिकवलं. तिला तिच्या सीनियरने शिकवलं होतं. माझ्या सीनियरइतकं अचूक वय इथे कोणालाच सांगता येत नाही.

तू नर्स होतीस म्हणून एक विचारते. माझ्या एका मैत्रिणीला वटवाघूळ बोटाला चावलं. रक्तसुद्धा धड आलं नाही. आधी घ्यायची रेबीजची लस राहून गेली होती. आता सांगितलं तर गाईड गुहेतलं काम बंद करतील, वर्ष वाया जाईल. तिने काय करावं? सहज विचारतेय.

रागाआडचा लोभ आहे तसाच असू दे.

तुझी
भिंगरी

७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.,

चावलं मैत्रिणीच्या बोटाला आणि अक्षर तुझं वेडंवाकडं? उजव्या हाताचंच बोट आहे ना? कोणाला शेंड्या लावतेस?

हे सहज विचारायचं नसतं. रक्त येवो न येवो. नोकरीत असताना या रोगाचा एकच रोगी मी पाहिला. त्याबद्दल लिहिणार नाही. बोट साबणाने खूप वेळ धू आणि पत्र आणणाऱ्या गाडीतच बसून दवाखाना गाठ. उशीर झाला म्हणून घाबरून बसू नकोस. त्रास सुरू होण्याआधी टोचून घेतलं पाहिजे, एवढंच. बोटाला मुंग्या येतात का, ते कळव. गाईडना सांग. वर्ष गेलं तर गेलं, शिर सलामत तर पगडी पचास.

मला फार भीती वाटतेय गं. तुझ्या बाबांना अजून बोललेली नाही.

जिवापाड माया करणारी आणि आत्ता संतापलेली
आत्या

१० फेब्रुवारी, दवाखान्यातून

ती. आत्यास सा. न.,

टोचून घेतलं. जखमेभोवतीही आणि दंडातही. मुंग्या नाहीत. मी बरी आहे.

काल नाश्त्याच्या वेळी सगळ्यांसमोर गाईडना सांगितलं. ते ओरडले नाहीत. आणखी कोणाला चावलं का, एवढंच त्यांनी विचारलं. मग सीनियरने हातातला पेला खाली ठेवला. तिला डिसेंबरात चावलं होतं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, म्हणून ती बोलली नाही. दोन दिवस तिच्या हाताला मुंग्या येताहेत. जाळी ओढून आखडला असेल, असं तिला वाटलं. आणि सकाळपासून तिला पाणी गिळवत नव्हतं.

गाडीत सगळी वाट ती मलाच धीर देत होती. इथे आल्यावर तिला वेगळ्या खोलीत ठेवलंय. तिची आई तुमच्याच गावात, पाण्याच्या टाकीमागे राहते. पण आईला कळवू नका, उगाच काळजी करेल, असं ती म्हणते.

इथे फोन आहे, पण भिंतीपलीकडे ती ऐकेल, म्हणून गाडीवाल्याबरोबर हे पत्र पाठवते. आत्या, मुंग्या सुरू झाल्यावर टोचलं तरी उपयोग होतो ना? मी डॉक्टरांना विचारलं, तर ते गाईडना घेऊन बाहेर गेले. तू सांग. तुझं मी ऐकेन.

तुझी
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद,

गाडीवाला दारात उभा आहे. त्याला तुझ्या बाबांना घेऊन पुढे पाठवते. तुझे पुढचे डोस एकही चुकवायचे नाहीत.

त्या पोरीजवळ बस. जेवढं बोलेल तेवढं बोलू दे, उलट विचारू नकोस.

मी मागून बसने येते. आधी पाण्याच्या टाकीमागे जाते. तिच्या आईला बरोबर आणायचं आहे.

तुझी
आत्या