ओला दोर

सोमवार, ४ तारीख

उजव्या हाताने संप पुकारला! पोहरा निम्म्यावर आला आणि बोटं सुन्न — सुटलाच. सासरे तिथेच दात घासत होते. मान वर केली नाही. सुटले बाई!

डॉक्टर म्हणतात, "महिनाभर पहाटेच्या गारठ्यात शेंदायचं नाही." त्यांचं काय जातंय?

विहीर एक, घरं दोन. सासऱ्यांचा, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला नियम — उजाडताना ज्या घराचा दोर सलग तीन दिवस कोरडा, त्या घराची विहिरीवरची पाळी गेली. रोज दोर चाचपून निकाल ओरडतात. स्वतः दोन्ही घरी जेवतात, दोन्ही घरांना नावं ठेवतात. पाळी गेली तर जाऊबाई पाणी देतील, पण कळशीगणिक टोमणा. नवऱ्याला सांगायची सोय नाही. त्याच्या पोटात पाणी ठरत नाही, तिथे गुपित कुठलं!

मंगळवार

उठलेच नाही. बाहेरून आरोळी — "थोरल्यांचा ओला! धाकट्यांचा ओला!"

धाकटे म्हणजे आम्ही. पण मी तर अंथरुणात होते! जाऊन पाहिलं. दोर टपटपतोय.

दुपारी बोटांत थोडा जीव आला. डाव्या हाताच्या जोरावर पाव-पाव पोहरा करत घरापुरतं पाणी भरलं.

बुधवार

आजही ओला. पोहरा मात्र आतून ठणठणीत कोरडा. दोर ओला, पोहरा कोरडा — हे कुठलं शेंदणं?

जाऊबाईंना गाठलं. "लवकर उठता हल्ली?"

"उठावं लागतं बाई. आम्हाला कोण हातात चहा देतंय!"

म्हणजे हो की नाही? उपकार म्हणावा तर त्या मांजरालाही दुधात पाणी घालून देतात. सापळा म्हणावा तर आमचा दोर कोरडा राहण्यातच त्यांचा फायदा. मग भिजवतील कशाला?

गुरुवार

ओलाच. नवऱ्याचे तळहात तपासले. लोणी! तो नव्हे.

मला वेड लागलंय, किंवा दोराला.

शुक्रवार

अंधार असतानाच गोठ्याआड उभी राहिले. सासरे तांब्या घेऊन आले. निम्मा आमच्या दोरावर ओतला, उरलेल्याने चूळ भरली. मग खणखणीत — "धाकट्यांचा ओला!"

वळले, तर समोर मी.

"बघतेस काय? तुझ्या सासूचाही असाच भिजवायचो. शेवटची चार वर्षं."