गोविंदआजोबांची मिशी

रविवार, संध्याकाळ. विद्यानगर.

गोविंदआजोबांचा फोटो बाबांनी आज पुन्हा भिंतीवरून उतरवला. सकाळीच लावला होता मी. मूकपटातला. नऊवारी, नथ, आणि नथीखाली तो गुळगुळीत ओठ.

"वकिलाच्या घरात साडीतला पुरुष? नक्को म्हणजे नक्को," बाबा म्हणाले.

सख्खे काका ना तुमचे, बाबा? तेव्हा घरंदाज बायका सिनेमात काम करत नसत, म्हणून मुंबईला नायिका व्हायला त्यांनी मिशी काढली. आपल्यात वडील जिवंत असताना मिशी काढत नाहीत. तेवढ्यावरून पणजोबांनी त्यांचं नाव टाकलं. पुढे सिनेमात खऱ्या बायका आल्या आणि यांचं काम गेलं. मग इथल्याच मलकपेठच्या रेसकोर्सवर घोडे राखत दिवस काढले. पणजोबा वारले तेव्हा परत वाढलेली मिशी रीतीप्रमाणे उतरवायला घरी आले, तर दारातूनच परत पाठवलं. काढली तरी गुन्हा, काढायला आले तरी गुन्हा. मग करायचं काय होतं त्यांनी?

दुपारभर डोकं तापलेलं. मघाशी न्हाणीघरात गेलो आणि माझी मिशी सफाचट केली. पन्नाशीला आलोय, कुणाला विचारायचं?

मला बघून बाबा खुर्चीतून उठलेच. "अरे, मी जिवंत आहे अजून!"

"गोविंदआजोबांनी काढली तेव्हा पणजोबाही होते," मी म्हणालो.

बाबा माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. तोच ओठ आहे माझा, हे मलाही आजच कळलं.

फोटो भिंतीवरून उतरवलात ना, बाबा? आता हा उतरवून दाखवा.