सर्वांत आधी नानांचे हात

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून तोंडी काही नाही! भूपेंद्रशेठ म्हणाले, "रुखसार, निरोप ग्रुपवर टाकायचा. पुरावा राहतो." म्हणजे मी ऑफिसातून उठायचं नाही. आवार ओलांडून केळी पिकवायच्या खोल्यांकडे जायचं नाही. तिथे काम करणाऱ्या मगननानांना हाक मारायची नाही. निरोप वाचला की प्रत्येकाने खाली जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकायचं. ज्याचे हात दिसणार नाहीत, त्याला शेठ नावानिशी विचारणार.

दुपारी पहिला निरोप टाकला. सर्वांत आधी नानांचे हात. बरं वाटलं.

५ ऑगस्ट

नाना दारात चहा पीत होते. म्हटलं, "नाना, तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे!"

"शेठना धाक शे ना माय!" शेठचा धाक नानांनाही.

नानांच्या हाताखालचा चंदन म्हणाला, "नाना वाचतात कुठे? नुसते हात जोडतात. काय आलंय ते मीच सांगतो त्यांना."

सगळे हसले. मीही.

मग ते वाक्य डोक्यातून जाईना. शेठना सांगितलं. "हात आले ना? मग झालं."

७ ऑगस्ट

हात मोजते. झोप नीट नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

तीन नंबरच्या खोलीतला हवा बाहेर टाकणारा पंखा बंद पडला. आत वायू कोंडलेला. चंदन गाडीबरोबर धुळ्याच्या बाजारात गेलेला. ग्रुपवर टाकलं — मगननाना, तीन नंबर उघडू नका, आत जाऊ नका.

नानांचे हात लगेच आले. तरी जीव थाऱ्यावर येईना. उठले. दारात शेठ.

"कुठे?"

"नानांना सांगून येते."

"हात आलेत की! बस."

बसले.

थोड्या वेळाने आवारात आरडाओरडा. नाना तीन नंबरमध्ये पडले होते. हमालांनी ओढून काढलं. श्वास आहे, शुद्ध नाही.

९ ऑगस्ट

शेठ म्हणाले, "स्क्रीनशॉट काढून दे. वाचूनही आत गेला — आता त्याची जबाबदारी." दिला. आणि म्हणाले, नानांचा फोन आत पडला असेल, बघ.

खोलीत फोन नव्हता.

दवाखान्यात नानांची सून कोकिळा भिंतीला टेकून बसलेली. फोन तिच्या मुठीत.

"फोन सापडला वाटतं?"

"मनाजोडेच शे ना ताई. घरमा बठ्ठासले एकच फोन शे." घरात सगळ्यांत मिळून एकच, तो हिच्याजवळ. मग हळूच, "आबानं काम जाई का?"

आबा म्हणजे नाना; त्यांचं काम जाईल का, विचारत होती. परत येताना वाटलं, कपड्यांबरोबर फोनही दवाखान्यातून मिळाला असेल तिला. तसंच असेल.

११ ऑगस्ट

नाना अजून शुद्धीवर नाहीत. संध्याकाळी शेठनी उद्याच्या पाळ्या ग्रुपवर टाकल्या. खाली जोडलेले हात.

सर्वांत आधी — नानांचे.