मागच्या कुंपणापर्यंतची वाट

मी, सिग्ने मार्गिट ओल्स्टाड, वय वर्षे सत्तेचाळीस, राहणार टिंबर फोर्क, मोंटाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझा आजार यकृतापर्यंत गेला आहे, डोक्यापर्यंत गेलेला नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक दाखवून माझ्याकडून हे लिहवून घेतलेलं नाही. गळ मात्र घातली गेली. ती कोणी घातली, ते पुढे येईल. यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, पिकअप गाडी आणि बँकेतली शिल्लक माझा धाकटा भाऊ लीफ याला द्यावी. आईची शिवणाची पेटी त्याच्या मुलीला. फ्रीझरमध्ये गेल्या शिकारीच्या हंगामातल्या एल्क हरणाचं मांस आहे, ते अंत्यविधीच्या जेवणाला वापरावं. चर्चमधल्या बायका त्यावर डब्यातलं मशरूम सूप ओततील. ओतू देऊ नये.

कलम २. घरामागची चाळीस एकर जमीनही लीफलाच; पण तिच्या उत्तर कडेने, काउंटीच्या रस्त्यापासून मागच्या कुंपणापर्यंत, तीस फूट रुंदीची वाट कायमची सर्वांसाठी खुली राहील. कोणालाही, शिकारीचा परवाना असो वा नसो, तिथून पायी जाता येईल. लीफला किंवा त्याच्याकडून जमीन घेणाऱ्याला ती बंद करता येणार नाही. हा हक्क काउंटीच्या दप्तरी नोंदवून घेण्याचं काम मी माझ्या वकीलबाईंकडे सोपवते.

नकाशावर पाहिलं तर माझ्या मागच्या कुंपणापलीकडे अकरा मैल निळा आणि पिवळा रंग आहे. निळी जमीन राज्याची, पिवळी केंद्र सरकारची, म्हणजे आपल्या सगळ्यांची. माझं कुंपण सोडलं तर तिच्या चारही बाजूंना गुरांच्या एकाच रँचची जमीन आहे. तिला बाहेरचा रस्ता शिवतो तो फक्त माझ्या चाळीस एकरांतून. रँच पूर्वी ऑरिन टेबरची होती. त्याच्या मुलांनी ती बाहेरच्या राज्यातल्या एका कंपनीला विकली. कंपनीचा मॅनेजर दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्याने फळांची टोपली आणली आणि म्हणाला, चाळीस एकरांचा आकडा तुम्हीच सांगा. टोपलीतली नासपती चांगली होती, हे नोंदवून ठेवते.

लीफ फोनवर बराच वेळ बोलला. त्याचं म्हणणं असं की अनोळखी माणसांसाठी मी सख्ख्या भावाचं नुकसान करते आहे. शेवटी म्हणाला, "वाट देऊन टाकलीस की ती जमीन घेणार कोण, सिग्ने? माझ्यासाठी नुसतं कुंपण ठेवून चाललीयेस." त्याचं चुकत नाही. त्याला मुलं आहेत आणि मला नाहीत. म्हणून हे मी का करते आहे, ते पुढच्या कलमात लिहिते. लीफने ते शांतपणे वाचावं.

कलम ३. हे मालमत्तेचं कलम नाही.

ऑरिनच्या हयातीत त्याच्या जमिनीतून डोंगराकडे जाणारा कच्चा रस्ता सर्वांना खुला होता. फाटकाच्या खांबाला कॉफीचा डबा बांधलेला असे, त्यात वही आणि पेन्सिल. आत जाणाऱ्याने नाव, तारीख आणि गाडीचा नंबर लिहायचा. आम्ही शेजारी, म्हणून ओल्स्टाडांनी कधी नाव लिहिलं नाही. दुसरा नियम सगळ्यांना एकच होता: फाटक जसं सापडेल तसंच सोडायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. माझ्या वडिलांनी मला हे चालायला शिकवलं तेव्हाच शिकवलं होतं.

२००१ च्या सप्टेंबरात मी धनुष्य घेऊन एकटीच शिकारीला वर गेले होते. मी पंचवीस वर्षांची होते. वरच्या कुरणाचं तारेचं फाटक उघडून जमिनीवर पसरलेलं दिसलं. मला वाटलं, कोणीतरी शहरी शिकारी निष्काळजीपणे टाकून गेला. मी ते उचललं, ताणून बंद केलं, तारेचं कडं खांबात अडकवलं. ऑरिनवर उपकार केला असं वाटलं मला. फाटक त्यानेच उघडं ठेवलं होतं, गुरांना खालच्या टाकीवर पाण्याला जाता यावं म्हणून. ऊन कडक होतं. पाचव्या दिवशी तो वर गेला तेव्हा नऊ गायी त्या तारेला चिकटून तहानेने मेल्या होत्या.

वहीतलं शेवटचं नाव वेंडेल कुचेरा याचं होतं. वेंडेल तेव्हा लाकडाच्या गिरणीत कामाला होता. गिरणी वर्षातले सहा महिनेच चाले आणि घरात तीन मुलं होती. त्यांचा हिवाळा त्या डोंगरातल्या एका एल्कवर निघायचा. त्याने शपथ घेऊन सांगितलं की मी फाटकाला हात लावला नाही. कोणी ऐकलं नाही. ऑरिनने रस्त्याला साखळी घातली, कुलूप लावलं, आणि गावाने ठरवलं की कुचेरामुळे सगळ्यांचा डोंगर गेला. खाणावळीत त्याच्या शेजारी कोणी बसेना.

मी त्याच आठवड्यात वडिलांना खरं सांगितलं. ते बूट घालत होते, मान वर न करता म्हणाले, "गप्प बस. हिवाळाभर आपली गुरं ऑरिनच्या गवतावर जगतात." पुढे ऑरिनने तेच गवत निम्म्या दराने द्यायचं कबूल केलं, अट एवढीच की मागच्या कुंपणातून बाहेरचं कोणी जाऊ द्यायचं नाही. वडिलांनी मान्य केलं. ते गेल्यावर मीही तसंच चालू ठेवलं, आणि गुरं विकून टाकल्यावरसुद्धा. बावीस हंगाम त्या अकरा मैलांत गावातून फक्त मी गेले आहे. एकदा वेंडेलनेच टोपी हातात घेऊन विचारलं होतं, मागून जाऊ का. मी म्हटलं, विम्याची अडचण आहे. असा कुठला विमा नव्हता.

वडिलांना दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. ते गेल्यानंतरची चौदा वर्षं माझी एकटीची आहेत.

कलम ४. माझी रायफल, दुर्बीण आणि मांस कापण्याच्या सुऱ्यांचा संच वेंडेल कुचेरा यांना द्यावा. (हे कलम रद्द. सि. ओ.)

रद्द का, ते लिहिते. मेल्यानंतर कागदाने सांगावं आणि मी तिथे नसावं, हे मला बरं वाटेना. आज दुपारी मी वेंडेलना बोलावून घेतलं आणि कलम ३ त्यांच्या हातात दिलं. ते अडुसष्ट वर्षांचे आहेत, चष्मा घरी विसरले होते. म्हणून मलाच वाचून दाखवावं लागलं. मार्लिस, माझी नर्स, उठून बाहेर जाऊ लागली तर ते म्हणाले, थांबा तुम्ही, कोणीतरी ऐकायला हवं.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, विमा खोटा होता? मी हो म्हटलं. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. ते म्हणाले, "आयरीनलासुद्धा कधीकधी वाटायचं, मीच केलं असेल आणि विसरलो असेन. नंतर नंतर मलाही वाटायला लागलं." मला क्षमा मागायची होती.

मी त्यांना चौथं कलम दाखवलं. ते म्हणाले, "रायफल नको. तुझ्याकडून काही घेतलं की साक्षीदार होता येत नाही ना?" मी सांगितलं, वकीलबाईंच्या मते ज्याला काही मिळतं त्याने सही न केलेली बरी. "मग खोड माझं नाव," ते म्हणाले. "मला काही द्यायचं नाहीस तू. मला सही करायचीय. कुठे करायची, बोट ठेव."

मी बोट ठेवलं आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला व दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. त्यातली खाडाखोड माझी आहे.

ठिकाण: टिंबर फोर्क, मोंटाना
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२४

सही: सिग्ने मार्गिट ओल्स्टाड

साक्षीदार:
१. मार्लिस ब्रँडव्होल्ड, नर्स
२. वेंडेल जे. कुचेरा. फाटक मी बंद केलं नव्हतं.