कणगीतला टाक

लिहवून ठेवणार मोतीबाई, मयत हिरामण उपदेशक यांची बायको, वय अदमासे साठ, राहणार कडाव, तालुका कर्जत. डोळे गेले, अक्कल शाबूत आहे. हा कागद कोणाच्या भिडेने करीत नाही. भीड धरायची ती पूर्वीच फार धरून झाली.

१. खंडोबाचा चांदीचा टाक दीर मालोजी यास द्यावा. तो अठ्ठावीस वर्षांपूर्वी चोरीस गेला असे गाव समजते. गेला नव्हता. आम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा मालोजी घरचे देव परत न्यायला आला. बाकीचे दिले. हा एक माझ्याने देववेना, म्हणून भाताच्या कणगीत पुरला. आळ आला कोंडीवर. ही कातकरीण आमचे भात कांडायला येई. मालोजीने कढईत तेल उकळवले, त्यात लोखंडी कडी टाकली आणि म्हणाला, "काढ. चोर नसशील तर भाजायची नाय." मोठा न्यायाधीशच की नाही! कोंडीने मला टाक पुरताना पाहिले होते, पण तिचे ऐकतो कोण? ती मला म्हणाली, "बाय, तू सांग गं." सांगते तर ख्रिस्ती घरात देव लपवला म्हणून यजमानांची मिशनची नवी उपदेशकी जाती. मी पदर तोंडावर घेतला. मालोजीने तिचा हात धरून तेलात घातला.

२. यजमानांना मी त्याच दिवशी खरे सांगितले. म्हणाले, "गप्प राहा. प्रभूही गप्प राहिले." रविवारी त्यांनी मौनावर प्रवचन केले. लोक रडले, मेले! अहो, येशू गप्प राहिला तो स्वतःच्या मारापुढे. दुसऱ्याला मारताना गप्प उभे राहणारे रोमी सुभेदार पिलाताच्या अंगणात पुष्कळ होते, त्यांतली मी. प्रवचनांच्या वह्या जाळून माझ्या शेवटच्या अंघोळीचे पाणी तापवावे.

३. मालोजीने मला खांदा देऊ नये. माती देण्याआधी हा कागद आमच्या ख्रिस्ती देवळात मोठ्याने वाचावा. मध्ये कोणी खोकल्यास पुन्हा पहिल्यापासून वाचावा.

४. घर व मागची वाडी कोंडीस द्यावी. तिची बोटे आखडली, कांडण सुटले.

येथवर झाले. मालोजीच्या धाकाने दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून कोंडी पुढे आली. लिहिणार नामा म्हणाला, साक्ष देईल त्यास कायद्याने देणगी मिळत नाही. कोंडी म्हणाली, "घर नको मना. साक्ष घाल."

मी म्हटले, "घे गं बाई घर. माझ्या जिवाला बरं वाटेल."

"म्हनूनच नको."

सबब कलम ४ रद्द.

निशाणी मोतीबाईची, सहीऐवजी बांगडी.

साक्ष:
१. नामा, लिहिणार, दस्तुरखुद्द.
२. कोंडी, कातकरवाडी. डाव्या अंगठ्याची निशाणी. उजवा उमटत नाही.

मुक्काम कडाव, तारीख ११ मार्च १८९६.